आज पोळी नाही

रोज रात्री शेवटची भांडी घासून झाली की मी स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर उद्याचा मेनू लिहिते. पुण्यात नवी पेठेच्या आसपास आमची मेस आहे. जेवणारी बहुतेक मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी. कुणी बीडचं, कुणी यवतमाळचं, कुणी नंदुरबारचं. अभ्यासिकेतून परतताना ती फळा वाचतात आणि आपली पसंती-नापसंती तिथेच मोठ्याने सांगून जातात. मला तो फळा लिहायला फार आवडतं. ‘मटकीची उसळ, पोळी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर’ एवढं खडूने लिहिलं की उद्याचा दिवस मार्गी लागल्यासारखा वाटतो. मटकीला मोड आलेत का, कणीक किती भिजवायची, कुठल्या शेगडीवर काय चढवायचं, कुकर कधी लावायचा, सगळं डोक्यात जुळून जातं आणि मी निवांत झोपते.

सकाळी त्यातलं काहीतरी मोडतं. रोज नाही, पण पुष्कळदा. मार्केट यार्डातून यायची भाजी येत नाही. दूध नासतं. वाटण करायला घ्यावं तर लाइट जाते. लाइट गेली की मोटर बंद, मोटर बंद की टाकीतलं पाणी पुरवून वापरायचं. पोळ्यांच्या मावशींच्या नातवाला ताप येतो. आणि ६० डबे तर बारापर्यंत भरायचेच असतात, कारण ज्यांनी सकाळी सातपासून अभ्यासिकेत बसून काढलेत त्यांना बाराला भूक लागते.

अशा वेळी मन चांगलं ठेवावं, हे सगळेच सांगतात. मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट तसे निरोप येतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, ते मी मानते. पण साडेसहाला फोन येतो की आज कुणी पोळ्या लाटायला येणार नाही, तेव्हा ‘सकारात्मक राहा’ या शब्दांनी माझ्या हातात काही येत नाही. मन प्रसन्न करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हसायचं? स्वतःला समजवायचं की काही झालंच नाही? माझ्या पोटात तेव्हा गोळा आलेला असतो, आणि तो खोटा नसतो.

मला याचं उत्तर पोळ्यांच्या मावशींनी दिलं. त्यांनी ते उत्तर म्हणून दिलं नव्हतं.

२५ जुलै २०२४, गुरुवार. पुणेकरांना ती तारीख वेगळी सांगायला नको. आदल्या दिवसापासून पाऊस थांबत नव्हता, आणि रात्रीतून खडकवासला धरणाचा विसर्ग वाढवत नेला. पहाटे तो ३५ हजार क्युसेकच्या वर गेला. सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी आलं, नंतर तिथे बोटी चालल्या. नदीवरचा भिडे पूल तर दर पावसाळ्यात पहिला पाण्याखाली जातो, त्या दिवशीही गेला. शाळांना सुट्टी जाहीर झाली. आमच्याकडे लाइट नव्हती. फळ्यावर आदल्या रात्री लिहिलेलं होतं तेच, मटकीची उसळ आणि पोळी.

दोघी मावशी आमच्याकडे पोळ्या करतात. ६० डबे, प्रत्येकी चार पोळ्या, म्हणजे २४० पोळ्या. एका किलो कणकेच्या साधारण ३० धरल्या तर आठ किलो कणीक मळून, लाटून, भाजून अकरापर्यंत संपवतात त्या. दोघी नदीपलीकडे, काठाच्याच वस्तीत राहतात. सहाच्या पुढे एकीचा फोन आला.

“ताई, आज न्हाई जमायचं. घरात पाणी शिरलंय.”

मी विचारलं, “तुम्ही कुठे आहात? पोरं कुठे आहेत?”

“शाळेत आलोय समदे. पोरं हायती. म्हातारीला उचलून आणली.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “पीठ गेलं. गाद्या गेल्या. टीव्ही गेला. पर कागदं वर माळ्याला व्हती, ती राहिली. आधार, रेशन कार्ड, पोराची मार्कशीट. शेगडी बी राहिली.”

हा हिशेब त्यांनी कुणी न विचारता सांगितला. काय गेलं, ते आधी, एकेक नाव घेऊन. मग काय राहिलं, तेही एकेक नाव घेऊन. ‘सगळं गेलं’ असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ‘काही नाही, होईल सगळं ठीक’ असंही म्हणाल्या नाहीत. आवाज कापत होता. तरीही हिशेब चोख होता.

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात तसंच केलं. मोठ्याने बोलले, ऐकायला फक्त सासूबाई होत्या. आज पोळी नाही. मिक्सर नाही. कोशिंबिरीला काकडी नाही. डबे पोचवणारा मुलगा येऊ शकणार नाही. एवढं गेलं. आता राहिलं काय? मोड आलेली मटकी आहे, चांगली पाच किलो. तांदूळ आहे. काळा मसाला आहे, म्हणजे वाटणावाचून अडणार नाही. कांदे-बटाटे आहेत. मोठं पातेलं आहे आणि १९ किलोचं सिलिंडर निम्म्याहून जास्त भरलेलं आहे. टाकीत पाणी आहे, पण जपून वापरायचं, म्हणून घासायला भांडी कमी निघतील असं काहीतरी करायचं.

एवढं बोलून होईपर्यंत उत्तर समोर आलेलंच होतं. मटकी घालून मसालेभात, एका पातेल्यात. सोबत तळलेले सांडगे, ते उन्हाळ्यात करून ठेवलेले होते. मी खडू घेऊन फळा पुसला आणि लिहिलं : आज पोळी नाही. मसालेभात. डबा घेऊन स्वतः यावे.

त्या क्षणी मी काही आनंदात नव्हते. मावशींची काळजी होती, पाऊस कोसळत होता, एवढा भात एका वेळी चांगला होईल की बुडाला लागेल याची धास्ती होती. पण पोटातला गोळा मात्र गेला होता. काय गेलं ते नीट सांगून टाकलं की ‘सगळं बिघडलं’ हा भास विरतो. बिघडलेल्या गोष्टी मोजता येतात, आणि मोजल्यावर त्या नेहमी वाटल्या होत्या त्याहून कमी निघतात. त्यानंतर जो उत्साह येतो तो ओढूनताणून आणावा लागत नाही. तो कामाच्या मागून येतो.

माझ्या मते निवड करायची असते ती इथे. मनात काय वाटावं, हे आपल्या हातात फारसं नसतं. पण आधी कशाकडे बघायचं, हे असतं. ‘हे माझ्याच नशिबी का’ आणि ‘चूक कुणाची’ हे दोन प्रश्न मी सकाळी जवळ येऊ देत नाही. दुसरा प्रश्न कधी कधी खरोखर विचारावा लागतो, एखाद्याला जाब विचारावा लागतो, दुकानदार बदलावा लागतो. तो रात्री विचारायचा, ओटा पुसून झाल्यावर. सकाळी विचारला की सकाळ त्यातच जाते आणि डबे तसेच राहतात.

अकराच्या सुमाराला मुलं छत्र्या घेऊन आली. डबे घेऊन गेली असती, पण भाताचा वास आला तशी जिन्यातच बसून जेवली. लांबच्या अभ्यासिकेतल्या मुलींचे डबे तीन-चार मुलांनी वाटून घेतले आणि भिजत नेऊन दिले. दुपारी मी आणखी एक पातेलं चढवलं. मावशी जिथे होत्या त्या शाळेत अजून पुष्कळ माणसं होती. मुलांपैकी दोघं मोटारसायकलवर ते पातेलं बांधून, पूल चुकवून, लांबचा वळसा घालून घेऊन गेले. परत आले तेव्हा पातेलं घासलेलं होतं. शाळेतल्या बायकांनी पावसाच्या पाण्यात घासून पाठवलं होतं.

संध्याकाळी सासूबाई बोलायला लागल्या. त्यांचं माहेर नारायण पेठेतलं, आणि पाऊस असा लागला की त्यांना १९६१ आठवतंच. १२ जुलै, बुधवार. पानशेतचं धरण त्या सकाळी फुटलं. बांध अजून पुरा व्हायचा होता, त्याआधीच पाणी चढलं होतं, आणि लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती लावून तो काही तास तगवून धरला होता. म्हणून तो रात्री फुटला नाही, लोकांना पळायला उजेड मिळाला. पुढे खडकवासल्याचं धरणही त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही. सासूबाई तेव्हा १२ वर्षांच्या. शाळेतून पोरींना घरी पाठवलं होतं. घरी येतात तोवर त्यांची आई निघायच्या तयारीत होती. शेजारपाजारचे कुणी ट्रंका उचलत होते, कुणी देवघर. आईने पिठाचा डबा घेतला, तवा घेतला, आणि धाकट्याला काखेला मारून सगळ्यांना घेऊन पर्वती टेकडीच्या दिशेने निघाली.

वाड्याची नदीकडची भिंत मातीची होती. ती बसली. वडिलांचं वह्या-पाट्यांचं दुकान होतं, त्यात चिखलाशिवाय काही उरलं नाही. त्या रात्री आईने तीन दगड मांडून भाकऱ्या केल्या, आपल्या पोरांसाठी आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांसाठी. मी हे लग्नानंतर अनेकदा ऐकलंय, आणि दर वेळी मनात एक खंबीर, धीरोदात्त बाई उभी राहायची. त्या संध्याकाळी सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली जी आधी कधी सांगितली नव्हती.

“आई रडतच थापत होती गं. डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं.”

हे मला फार मोलाचं वाटतं. रडू आवरल्यावर भाकरी करायला घ्यायची, असं तिने ठरवलं असतं तर त्या रात्री कुणी जेवलं नसतं. सकारात्मक माणूस म्हणजे हसतमुख माणूस, हे आपण कुठून घेतलं कोण जाणे. रडता रडता पीठ मळणारी बाई मला त्याहून कितीतरी अधिक सकारात्मक वाटते. सासूबाईंना मी हे म्हटलं तर त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, तेव्हा कुणी काही निवडलं-बिवडलं नव्हतं, पोरं भुकेली होती, बस. मी म्हणते, निघताना ट्रंकेऐवजी पिठाचा डबा उचलला, तीच निवड. आमचं यावर अजून एकमत नाही.

खडकवासला गेल्यामुळे नंतर कित्येक दिवस शहराचे नळ कोरडे होते. लोकांना पुन्हा जुन्या विहिरी आणि हौद आठवले. त्या दिवसांत सासूबाई आणि त्यांची बहीण रोज शाळेआधी कळशीने पाणी भरायच्या. शाळा मात्र बुडवली नाही, हे त्या अजूनही अभिमानाने सांगतात.

पण आता दुसऱ्या बाजूचंही लिहायला हवं, कारण माझ्याकडे जेवणाऱ्या मुलांचे बेत मोडतात ते माझ्या मेनूसारखे एका पातेल्यात सावरता येत नाहीत.

मार्च २०२१. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा रविवारी १४ तारखेला होती. करोनामुळे ती आधीही पुढे गेलेली होती. गुरुवारी ११ तारखेला दुपारी बातमी आली की परीक्षा पुन्हा पुढे ढकलली. तीन दिवस उरले असताना. मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, ते टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. टीव्हीवर दिसलं नाही ते आमच्या जिन्यात होतं. कुणी रविवारपर्यंतच खोलीचं भाडं भरलेलं. कुणी सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलेलं. एकाची बहीण त्याच्या परीक्षेसाठी थांबली होती, तिच्या साखरपुड्याची तारीख त्यानंतरची धरली होती. एकाचं वयोमर्यादेचं शेवटचं वर्ष.

अशा मुलाला ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं, आणि ते मी स्पष्टच लिहिते. मन चांगलं ठेवण्याची निवड ज्याची त्याने स्वतःसाठी करायची असते. ती दुसऱ्यावर लादायची नसते. बीडचा एक मुलगा त्या रात्री जेवायला आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या खोलीवर दहीभात आणि लिंबाचं लोणचं पाठवलं, सोबत एक शब्दही पाठवला नाही. डबा रिकामा परत आला, तेवढं मला पुरे होतं.

त्याच संध्याकाळी यवतमाळची एक मुलगी आली. डोळे सुजलेले. दारातच उभी राहून म्हणाली, “काकू, माझा डबा रविवारपर्यंतच सांगितला होता. पुढची तारीख कळेपर्यंत चालू ठेवाल का? पैसे मात्र घरून आले की देईन.”

मी हो म्हटलं, ती गेली, आणि मी बराच वेळ त्या प्रश्नाचा विचार करत राहिले. तिने नवीन संकल्प केला नव्हता, फळ्यावर सुविचार लिहिला नव्हता. उद्या दुपारी काय खायचं, एवढंच पक्कं केलं होतं. मोडलेल्या बेताच्या ढिगाऱ्यातून तिने एक लहानशी, करता येण्यासारखी गोष्ट उचलली होती. मग परीक्षा २१ मार्चला झाली. तिचं त्या वर्षी निवडीत नाव आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. ती आता एका सहकारी पतसंस्थेत नोकरी करते, आईला आपल्याजवळ घेऊन आली आहे, आणि दिवाळीत मला तिचा फोन येतो. मन खंबीर ठेवलं की यश मिळतंच असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते खरं नाही. मन खंबीर ठेवलं की उद्याचं जेवण चुकत नाही, एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि उद्याचं जेवण ही लहान गोष्ट नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तसंच झालं. २५ तारखेच्या रविवारी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी येत होत्या. त्यावरून आंदोलन झालं, २२ तारखेला परीक्षा पुढे गेली आणि शेवटी १ डिसेंबरला झाली. या वेळी तर काहींना तारीख बदलल्याचा दिलासा होता आणि काहींना धक्का. एकाच पंगतीत दोन्ही. ज्यांची बँकेची परीक्षा होती त्यांना घास गोड लागला, आणि ज्यांनी फक्त राज्यसेवेवर वर्ष लावलं होतं ती मुलं ताटाकडे बघत बसली होती. मी त्या रात्री दोन्हीकडच्यांना सारखंच वाढलं आणि गप्प राहिले.

एक गोष्ट मात्र गप्प राहून चालत नाही, ती म्हणजे कळवणं. बेत मोडला की ज्याचं ज्याचं त्यावर अवलंबून आहे त्याला लगेच आणि खरं सांगायचं. आठ वाजता ‘आज पोळी नाही’ कळलं तर मुलं कुरकुरत का होईना, तयारीने येतात. तेच बाराला डबा उघडल्यावर कळलं तर चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं. आपण लपवतो तेव्हा मनावर दुप्पट ओझं होतं. एक बेत मोडल्याचं, आणि दुसरं कुणाला कळू नये याचं.

आणि तयारी. मन थाऱ्यावर राहायला घरात काहीतरी असावं लागतं, हे माझं पक्कं मत आहे. रिकाम्या डब्यांसमोर उभं राहून कुणाला धीर सुचत नाही. म्हणून मी भाजणी कधी संपू देत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, वेगवेगळं खमंग भाजायचं, धणे-जिरे घालून दळून आणायचं. भाजी आली नाही तर कांदा आणि भाजणी, थालीपीठ तयार. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, मिरच्या. दुसरं सिलिंडर भरलेलं. चालू सिलिंडरमध्ये किती उरलंय ते बघायला ओल्या फडक्याने ते वरून खालपर्यंत पुसायचं. जिथपर्यंत आत गॅस द्रव असतो तिथपर्यंत पत्रा गार असतो आणि ओल सावकाश वाळते, वरचा भाग चटकन कोरडा होतो. मुलांना हे दाखवलं की त्यांना फार गंमत वाटते. त्यांच्यातले निम्मे विज्ञानाचे पदवीधर आहेत.

पोळ्यांच्या मावशी त्या पुरानंतर दहा-बारा दिवसांनी कामावर आल्या. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ छातीपर्यंत होती, म्हणाल्या. गाद्या नवीन घ्यायला जमल्या नाहीत अजून, मुलांनी आपापसांत वर्गणी काढून दोन दिल्या. त्यांच्या मुलाचा अकरावीचा प्रवेश त्या आठवड्यात होता, आणि मार्कशीट कोरडी होती म्हणून तो अडला नाही.

तेव्हापासून मी आमच्या घरचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवलेत. नवीन मुलगा-मुलगी डबा लावायला आली की महिन्याचे पैसे आणि पोळ्यांची संख्या ठरवून झाल्यावर मी विचारते : मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, डोमिसाइल कुठे ठेवलंय? बहुतेकांचं उत्तर असतं, गादीखाली. मग मी स्वयंपाकघरातून एक जाड पिशवी काढून देते आणि सांगते, आजच वर ठेव.